तिसऱ्या मजल्याचं दार

आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असा एक माणूस असतो, ज्याची शिस्त सगळ्यांना तोंडपाठ असते आणि धास्तीही सगळ्यांनाच असते. चर्चच्या मंडळीच्या गायनवृंदाचा मास्तर तसा होता. पोटासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा, पण कुणी विचारलं तर म्हणायचा, "ते काय, भाकरीपुरतं. खरं काम देवाच्या घरात!" सरावाला झालेला उशीर त्याला खपत नसे. तरुण संघाच्या पोरापोरींसाठी चर्चच्या दाराशी एक टोपली असे; आत येताना मोबाईल तिच्यात टाकायचा, हा मास्तरचा नियम. गुडघ्यावर फाटलेली पँट दिसली की प्रवचन सुरू. त्याची लेक कॉलेजात होती, गिटार वाजवायची. तिला बिचारीला तेच प्रवचन घरी एकदा आणि इथे एकदा ऐकावं लागे.

त्या शनिवारच्या सरावाला तर मास्तरच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. उद्याच्या उपासनेत त्याला मंडळीचा वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणारा मानाचा ज्येष्ठ, म्हणून नेमणार होते. कामावरून तो थेट चर्चला आला, मागच्या खोलीत कामाचा शर्ट बदलला, पांढराशुभ्र घातला आणि गायनवृंदापुढे उभा राहिला. बाजाच्या पेटीवर त्याची आत्या. जन्म दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली, जिभेला हाड नसलेली बाई.

पहिलं गीत रंगात आलं आणि मास्तरचा हात सवयीने शर्टच्या खिशाकडे गेला.

ही सवय त्याच्या धंद्याची. लिफ्टचं दार नीट लागलं नाही तर लिफ्ट हलत नाही. माणूस वाचावा म्हणूनच ती सोय. बिघाड शोधताना मात्र कारागीर तिथे तारेचा एक तुकडा जोडतो, म्हणजे दार उघडं असलं तरी लिफ्ट चालते. काम झालं की तार काढायची आणि खिशात ठेवायची. मास्तरची तार लाल होती. ती खिशात असली की लिफ्ट सुरक्षित, हा त्याचा स्वतःशी ठरलेला हिशेब.

पांढऱ्या शर्टच्या खिशात तार कुठून असणार! तो स्वतःशीच हसला. पण मग दुपारचं काम डोळ्यांपुढे आलं. एका इमारतीत तिसऱ्या मजल्याच्या दाराची कडी मधूनमधून नीट बसायची नाही. त्याने तेल घातलं, कडी घासली, लिफ्ट वरखाली नेऊन पाहिली. झकास चालली. सरावाची वेळ झालेली, त्याने पिशवी उचलली आणि निघाला. पण लिफ्ट चालली ती तेलामुळे, की तारेमुळे?

"तुम्ही गात राहा," म्हणत तो मागच्या खोलीत धावला. कामाच्या शर्टचे खिसे उलटे केले. पिशवी जमिनीवर ओतली. पाने, पक्कड, तेलाची बाटली... तार नव्हती.

तार आतच राहिली! म्हणजे तिसऱ्या मजल्याचं दार लागलेलं नसताना लिफ्ट तिथून निघून जाणार. मग कुणीतरी येणार, दार ओढणार, ते उघडणार, आणि पुढे पाऊल टाकणार. पुढे लिफ्ट नाहीच. नुसता अंधार, खालपर्यंत.

तो परत आला तेव्हा पोरं गप्प झाली, इतका त्याचा चेहरा उतरला होता. टोपली दाराशीच होती, त्याचा मोबाईल त्यातच. पण आपलाच नियम सगळ्यांदेखत मोडायचा? आणि फोनवर सांगायचं काय? चूक कळली की इमारतीचे लोक कंपनीला कळवणार, नोकरीवर गदा येणार. त्यात उद्या नेमणूक. त्यापेक्षा सराव जरा लवकर आटपू, गुपचूप जाऊ, तार काढू. कुणाला कळायचंही नाही. तेवढ्यात काय होतंय!

"आपण प्रार्थना करू," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे तेच दार. कुणाचा तरी हात कडीवर.

"डोळे उघड रे बाळ्या!" आत्या कडाडली. "काय झालंय? खरं सांग."

मास्तरने तिला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. चर्च लहान, पोरांनी ऐकायचं ते ऐकलंच.

"आणि तू इथे प्रार्थना करतोयस?"

"आत्या, उद्या नेमणूक आहे. लोक काय म्हणतील?"

"लोक? लोक आत्ता त्या लिफ्टमधून ये-जा करतायत, मेल्या! ऑपरेशन झालं की पोट शिवायच्या आधी आम्ही कापसाचे बोळे मोजायचो. एक कमी भरला तर डॉक्टर कितीही तालेवार असो, टाका घालू द्यायचे नाही मी. प्रार्थना मीही करायचे. पण 'प्रभू, बोळा सापडू दे' म्हणत हातांनी शोधायचे. हात जोडून बसले असते तर टेबलावरची बाई दगावली असती! शेजाऱ्यावर प्रेम करा म्हणून पोरांना शिकवतोस ना? तुझा शेजारी आत्ता तिसऱ्या मजल्यावर आहे."

लेक केव्हाच टोपलीकडे गेली होती. तिने मोबाईल आणून बापाच्या हातात दिला. त्यावर त्या इमारतीच्या वॉचमनचे न घेतलेले फोन होते. नंबर तिनेच लावला.

"अहो साहेब, केव्हाचा फोन करतोय!" वॉचमनकाकांचा आवाज खुशीत होता. "आभार मानायला हो! पूर्वी दार जरा उघडं राहिलं की लिफ्ट रुसून बसायची. आता दार उघडं असलं तरी पळतेय. हाताला यश आहे तुमच्या!"

मास्तरने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "काका, लिफ्ट बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"बंद? लोक मला फाडून खातील. कारण काय सांगू?"

विजेचा दाब कमी-जास्त होतोय, असं सांगा... वाक्य जिभेवर तयार होतं. सोपं, कुणाला न दुखवणारं. पण नुसती लिफ्ट बंद करून दार थोडंच राखलं जाणार होतं? काका खालीच बसून राहिले असते आणि वर कुणी ना कुणी कडी ओढलीच असती.

"माझी चूक झालीय, काका!" तो ओरडला. सगळं चर्च ऐकत होतं. "तपासायची तार मी आत विसरलो. तिसऱ्या मजल्याचं दार उघडलं तर माणूस सरळ खाली जाईल! लिफ्ट बंद करा आणि वर धावा!"

पलीकडून बटण दाबल्याचा आवाज आला, मग जिन्यावरची पावलं, मग धाप. आणि एकाएकी काकांची किंकाळी, "आजोबा, थांबा! हात काढा!"

फोन पडल्याचा आवाज झाला. पुढे काहीच नाही.

लेकीने स्कूटर काढली. मागे बसलेला मास्तर मोठमोठ्याने प्रार्थना करत होता. त्यात ना चाल होती ना शब्दांची जुळणी. "प्रभू, तो जगू दे. मला काय करायचं ते कर." सिग्नल लाल झाला. लेक थांबली. "जाऊ का पप्पा?" तिने रडवेल्या आवाजात विचारलं.

"नको. आणखी कुणाला मारायला नको."

जिना तो धापा टाकत चढला. तिसऱ्या मजल्यावर वॉचमनकाका दाराला पाठ लावून, हात पसरून उभे होते. समोर पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. जाड भिंगांचा चष्मा, हातात काठी. जिवंत!

"दार अर्धं उघडलं होतं यांनी," काका म्हणाले. "पुढे काही दिसत नाही यांना."

"या वॉचमनने ढकललं मला!" आजोबा संतापले होते.

मास्तर त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसला. "आजोबा, ढकललं म्हणून वाचलात. आत लिफ्ट नव्हती. दोष माझा. मी चर्चला जायच्या घाईत काम अर्धवट सोडलं."

आजोबांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाले, "म्हणजे मी गेलोच होतो की रे." मास्तर मान खाली घालून रडला. क्षमा केली, असं आजोबा म्हणाले नाहीत, आणि त्यानेही ती मागायची घाई केली नाही.

त्याने तार काढली. लिफ्ट बंदच ठेवली. प्रत्येक मजल्यावर जाऊन, दार वाजवून, आपल्या तोंडाने आपली चूक सांगितली. कुणी शिव्या घातल्या, कुणी तोंडावर दार आपटलं. कंपनीला फोनही त्यानेच केला. रविवारी मंडळीपुढे उभा राहून म्हणाला, "मला अजून वडील नेमू नका. मी अजून धाकटाच आहे." कुणी हसलं नाही.

बंधुभगिनींनो, आपण रविवारी देवाच्या घरात जातो, आणि आठवडाभर देव आपल्या कामावर, आपल्या घरी, आपल्या पोरांच्या घोळक्यात आपली वाट बघत असतो. तिथे आपण अर्धवट सोडलेलं काम कुणाच्या तरी जिवावर उठतं. आपली चूक उघडपणे सांगायची भीती वाटते? वाटू द्या! पण त्या भीतीपायी दुसऱ्याला अंधारात पाऊल टाकू देऊ नका. भक्तीची खरी परीक्षा तिथेच होते.

त्या शनिवारी संध्याकाळी सराव पुन्हा सुरू झालाच नाही. आजोबांना खाली बागेत जायचं होतं. मास्तरने आपला दंड पुढे केला. आजोबांनी थोडा विचार केला, मग तो घट्ट धरला, आणि दोघं जिना उतरू लागले.

"हळू," आजोबा म्हणाले. "मला पुढची पायरी सांगत जा."

आणि मास्तर सांगत गेला.