चालू की बंद

कल्पना करा, मुलांनो, की तुम्ही एका कचेरीतल्या उंच बाकावर बसला आहात आणि तुमचे पाय जमिनीला पोचत नाहीत. डाव्या हाताला तुमची आजी आहे. उजव्या हाताला तुमच्या घराखाली पत्र्याचे काम करणारे काका आहेत. आज त्यांनी दाढी केली आहे, त्यामुळे ते जरा परके वाटत आहेत. समोर टेबलामागे अधिकारी बाई आहेत आणि त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर तुमच्या अख्ख्या शहराचा नकाशा आहे. त्यात झाडे नाहीत, माणसे नाहीत. नुसते रंग आहेत.

चौथीतली बिट्टी तशी बसली होती आणि आपली गल्ली कुठल्या रंगात आहे ते शोधत होती.

ते रंग कशाचे, हे आधी समजून घेऊ. पिवळ्यात माणसांनी राहायचे, निळ्यात दुकाने थाटायची आणि जांभळ्यात कारखाने चालवायचे. यात वेडेपणा काही नाही. कारखान्याचा धूर आपल्या उशाशी यावा असे कुणाला वाटेल? पण बिट्टीच्या गल्लीत खाली दुकान, वर बिऱ्हाड, मागे कारखाना असा सगळा एकत्र संसार होता. नकाशा रंगवणाऱ्याने विचार केला असेल आणि शेवटी पिवळ्यावर निळे पट्टे ओढले. त्याला ते मिश्र वापर म्हणत. पट्ट्यांच्या भागात ठोकाठोकीचा नवा कारखाना काढता येत नसे. जुना असेल तर राहू देत, पण दोन अटींवर: पाहणीच्या दिवशी तो चालू दिसला पाहिजे आणि त्याचा शेजाऱ्यांना त्रास नसला पाहिजे. बंद दिसला तर तो कायमचा बंद.

पत्रेकाकांचा कारखाना बंद दिसला होता.

कारखाना म्हणजे काय, तर एक खोली, एक ऐरण आणि काका. ते डबे, नरसाळी आणि पावसाळी पन्हळी करत. मागच्या अंगाला त्यांची खाट होती. वर बिट्टी आणि तिची आजी राहत. मधे लाकडी तक्तपोशी. वर कुणी आजारी पडले की काका हातोडी ठेवून कातरकाम काढत. खाली काका पत्र्याच्या सांध्याला कथलाचा डाग देत असले की आजी शिवणाचे मशीन थांबवी, कारण मशीन चालले की फटींतून धूळ नेमकी ओल्या डागावर पडे. हे कुणी कधी बसून ठरवले नव्हते. ते आपले चालत आले होते.

पाहणीला कचेरीतला एक मुलगा आला त्या दिवशी बिट्टीला ताप होता. काकांनी शटर अर्धे ओढले होते आणि ते तिचेच औषध आणायला गेले होते. त्या मुलाने शटर पाहिले, कान दिला, आत चिटपाखरूही नव्हते. त्याने ‘गोदाम, बंद’ असे लिहिले आणि पुढच्या दारी गेला. त्याचे तरी काय चुकले?

आता सुनावणी होती. कारखाना हातचा गेला तर काकांना शहराच्या टोकाला जांभळ्या भागात जावे लागणार होते. तिथे शेड भाड्याने घ्यायची आणि या वयात दोन बस बदलत रोज जायचे. ते त्यांच्याने होणार नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होते.

म्हणूनच आजी साक्षीला आली होती. येताना वाटभर तिने मनाशी घोकले होते. बाईंनी विचारताच तिने सुरुवात केली, की इतका शांत शेजारी शोधून सापडायचा नाही, इतक्या वर्षांत खालून साधा टिक असा आवाज ऐकला नाही, आम्हाला त्याचा काडीचा त्रास नाही.

काकांनी डोळे मिटून घेतले.

बाईंनी शांतपणे विचारले, “म्हणजे खाली काम चालतच नाही?”

आजीला जरा वेळाने उमगले. मग ती घाईने म्हणाली, की चालते तर, चांगले धडाधड चालते. मग आवाज होत असेल, असे बाई म्हणाल्या. होतो, पण होत नाही, असे आजी म्हणाली. चांगले करायला जाऊन आपण घोटाळा केला हे तिला कळले होते, पण नेमका कुठे ते कळत नव्हते.

तेवढ्यात बिट्टी बोलली. कुणी तिला विचारले नव्हते.

“आवाज होतो. खूप होतो. मला पाढे येत नाहीत तेव्हा जास्तच होतो. मग मी खाली जाऊन सांगितलं की काका थांबतात. मी खेळायला गेले की परत सुरू करतात.”

बाईंनी समोरचा कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाल्या, “हे लिहायला माझ्याकडे रकाना नाही गं.”

पण त्यांनी एक केले. फेरपाहणीची सोय नियमात होती, आणि ती एकदाच. गुरुवारी सकाळी मी स्वतः येते, असे त्यांनी सांगितले. काम डोळ्यांना दिसले पाहिजे आणि कानांना ऐकू आले पाहिजे.

गुरुवारी पहाटेपासून आजीचे डोके उठले. उजेड सोसवेना, अन्न पोटात ठरेना. कपाळाला फडके आवळून ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि तिने बिट्टीला खाली पिटाळले. “त्याला म्हणावं, आज खुशाल वाजव. मी काही मरत नाही.”

बिट्टीने शाळेला जाता जाता निरोप दिला. काका हो हो म्हणाले.

बाई वेळेवर आल्या. उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या, की करा सुरू. काकांनी ऐरणीवर पत्रा ठेवला, हातोडी उचलली आणि वर तक्तपोशीकडे पाहिले. हातोडी तशीच हवेत राहिली. मग त्यांनी ती हळूच खाली ठेवली, कातर घेतली आणि पत्रा कापायला लागले.

“काका, हे नाही चालायचं. मला ऐकू यायला हवं.”

“वर म्हातारीचं डोकं उठलंय, बाई. आज कातरकाम.”

“मला पुन्हा येता येणार नाही.”

“ठाऊक आहे.”

“मग मला बंद लिहावं लागेल.”

“लिहा की,” काका म्हणाले. गिऱ्हाइकाला डबा उद्या मिळेल असे सांगावे, तसे म्हणाले.

बाईंनी पेन काढले. कागद टेकवायला त्यांना जागा सापडेना. काकांनी एक नवा डबा घेतला, सदऱ्याच्या बाहीने पुसला आणि पालथा करून त्यांच्यापुढे धरला. बाईंनी कागद त्यावर ठेवला, पण लिहायला सुरुवात केली नाही.

बिट्टी अजून शाळेत गेली नव्हती. दारापाशी उभी राहून ती एकदा काकांकडे पाही, एकदा वर. वर जी पडली होती ती तिची आजी होती, काकांची नव्हे, आणि खुशाल वाजव असे आजीनेच सांगितले होते. तिने दप्तर खांद्यावरून काढून भिंतीला टेकवले आणि ती दोघांच्या मधून आत गेली. हातोडी वाटली होती त्यापेक्षा जड निघाली. तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि पत्र्यावर हाणली. घाव तिरका पडला, पत्रा सरकला. तिने पत्रा सरळ केला आणि पुन्हा हाणला.