उकरलेला माळ

गुंजवण्याच्या वरच्या माळावर मोठाल्या दगडांची वर्तुळं होती. धनगरवाड्यातल्या फुलाबाईंनी ती शिवानीला दाखवली तेव्हा एवढंच बजावलं होतं, "पोरी, जुनी मान्सं निजल्याती हितं. गाजावाजा करू नगंस."

शिवानी त्याच भागातल्या उत्रोलीची. पूर्वी या डोंगरांत किती माणसं राहत होती, कुठं राहत होती, याचा अभ्यास करणाऱ्या पुण्यातल्या एका संस्थेत ती कंत्राटी कामाला होती. जागेच्या नोंदीत तिनं मुद्दामच नुसतं 'राजगड परिसर' लिहिलं. प्रकल्पप्रमुख कुमारसरांना ते चाललं नाही.

"नेमके अक्षांश-रेखांश नसतील तर वस्त्यांचा हिशेब लावायचा कसा? आणि माहिती सगळ्यांना खुली हवी."

"सर, लोक उकरतील."

"कोण जातंय तिथं चढून?"

शिवानीनं पुष्कळ वाद घातला. शेवटी आकडे भरले.

दिवाळीनंतर फुलाबाईंच्या मुलाचा, धनाजीचा फोन आला. "ताई, गुप्तधनासाठी कुणीतरी माळ उकरलाय. अन् पोलिसांनी मलाच ठाण्यात आणून बसवलंय. म्हणत्यात, तुमच्याबिगर जागा कुणाला ठावं?"

शिवानी तडक ठाण्यात गेली. फौजदारापुढं मोबाईल धरला. संस्थेच्या वेबसाइटवर ती जागा ठळक दिसत होती, जगात कुणालाही. त्यानं बोटांनी नकाशा मोठा करून पाहिला.

"म्हणजे तुम्हीच सांगितलीत की."

"हो."

धनाजीला सोडलं. माळाकडं जाताना टेम्पोत तो तिच्यापासून लांब, मागच्या फळीला टेकून बसला.

माळावर खड्डेच खड्डे. फुटक्या खापरांत हाडं विखुरलेली. फुलाबाई ती वेचून घोंगडीवर ठेवत होत्या. शिवानी मदतीला वाकली.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तू हात नगं लावूस."

तेवढ्यात सरांचा फोन आला. जागा वेबसाइटवरून काढली होती, पण लोकांनी आधीच उतरवून घेतलेल्या प्रतींचं काही करता येत नव्हतं. "आता गेलीच आहेस तर फोटो काढून आण. नोंद पुरी करू."

शिवानीनं फोन कट केला. नाही काढले, तर इथं काही होतं हे कुणाला कळणारही नव्हतं. तिनं मोबाईल वर केला.

फुलाबाईंनी ते पाहिलं. घोंगडी उचलली आणि तिच्याकडं पाठ करून पलीकडच्या खड्ड्याशी जाऊन बसल्या.