ह्रुबीचा डावा पाय

पहिलं महायुद्ध संपल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात व्हिएन्नातल्या आमच्या चित्रशाळेनं मुलींनाही नग्न पुरुष समोर बसवून रंगवायची परवानगी दिली. मॉडेल म्हणून आला वेन्झेल ह्रुबी. मूळचा वीटभट्टीवरचा मजूर. डावा पाय गुडघ्याखाली लढाईत गेलेला.

कुबड्या बाजूला ठेवून तो चौथऱ्यावर बसला, अंगावरचं घोंगडं काढलं आणि म्हणाला, "घ्या, रंगवा बायांनो. एक पाय कमी, तेवढीच रंगाची बचत."

कुणी हसलं नाही. बहुतेकींनी कंबरेपर्यंतच चित्र आटोपलं. माझ्या शेजारची ओटिली मात्र मन लावून रंगवत होती. तिचा भाऊ त्याच लढाईत बेपत्ता झाला होता.

मधल्या सुट्टीत ह्रुबी घोंगडं गुंडाळून तिच्या चित्रापाशी आला. चित्रात त्याला दोन्ही पाय होते.

"हा कुणाचा जोडलात मला?"

"तुमचाच," ओटिली म्हणाली. "वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"अशी दया नका करू हो बाई. घरी आहे ना एक दयाळू! माझी रोझा. दिवा मालवल्याशिवाय कपडे बदलू देत नाही. मी परत आल्यापासून एकदाही तिनं हे बघितलेलं नाही."

ओटिलीचे कान लाल झाले. तिनं सुरीनं तो पाय खरवडून काढला. मग दुपारभर ती त्या थोटकाकडे नीट बघत राहिली. करंजीच्या मुरडीसारखी आत दुमडलेली, थंडीनं जांभळी पडलेली कातडी. मीही माझा पुठ्ठा उलटा करून नव्यानं सुरुवात केली.

ओटिलीचं चित्र वाळल्यावर ह्रुबीनं ते मागून घेतलं.

"भिंतीला लावणार?" मी विचारलं.

"जेवणाच्या टेबलावर ठेवणार. बघेल, नाहीतर चुलीत घालेल."

पुढच्या आठवड्यात वर्ग चालू असतानाच रोझा दारात उभी राहिली. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चित्र. चौथऱ्यावरच्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडे तिनं एकदा बघितलं.

"पोरींसमोर असा बसतोस, लाज नाही वाटत?"

"घरी अंधारात बसून कंटाळलो," तो म्हणाला.

ती ओटिलीकडे वळली आणि चित्रावरचा कागद सोडला. "हे तुमचं ना? चेहरा अगदी त्याचाच आलाय. पण ही शिवण," तिनं चित्रातल्या थोटकावर बोट ठेवलं, "आतल्या अंगाला वळते. तुम्ही बाहेर वळवलीत."

हे सांगताना तिनं थोटकाकडे वळूनही बघितलं नाही; तिला ते आधीपासून पाठ होतं. ह्रुबीनं तोंड शेगडीकडे फिरवलं. त्याचा जबडा हलत होता.

ओटिलीनं चित्र पुन्हा रंगवायच्या घोडीवर लावलं. रोझानं एक स्टूल ओढलं आणि नवऱ्याच्या डाव्या बाजूला, चौथऱ्याला टेकून बसली.

"चालू द्या तुमचं. मी थांबते."

त्या दिवशी ओटिलीनं ती जागा तीनदा खरवडून पुन्हा रंगवली. शिवण काही नीट जमली नाही. रोझानं चित्र तसंच घरी नेलं.