चेंडू नसलेल्या बाजूला

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. पट्टा दोनदा शिवलेला, उजव्या डोळ्यात बुरशी. आणि आधीच कबूल करते, मी भारी जळकी आहे. माझी गोष्ट ऐकताना हे विसरू नका.

एका थंड मुलखातल्या कारखान्यात माझी भिंगं घासली गेली. तिथून हिंडत हिंडत मी स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, रोब्ले गावच्या जुन्या बाजारात येऊन पडले. तिथे बेनिग्नोने मला उचललं, चर्चच्या घड्याळावर रोखलं आणि तो ओरडला, "अरे, काट्यावरची माशी दिसतेय!" त्या क्षणापासून मी त्याची झाले.

बेनिग्नो गावच्या फुटबॉल क्लबसाठी टेहळणी करायचा. येत्या रविवारी ज्या संघाशी गाठ असेल, त्यांचा आधीचा सामना त्यांच्या मैदानावर जाऊन बघायचा आणि ते कसे खेळतात हे आपल्या प्रशिक्षकाला सांगायचं, हे त्याचं काम. आम्ही सगळ्यात वरच्या रांगेत बसायचो. त्याच्या मांडीवर बटाट्याचं आम्लेट घातलेला पाव, मुठीत सूर्यफुलाच्या बिया. हजारो माना चेंडूबरोबर वळायच्या, आमची वळायची नाही.

"चेंडू सगळ्यांनाच दिसतो गं राणी," तो मला म्हणायचा. "आपण बाकीचे एकवीस जण बघू."

चेंडू दुसरीकडे असताना एखादा खेळाडू हळूच पुढे सरकला, की बेनिग्नो एक बी फोडायचा. खेळाडू डाव्या कडेने सरकला तर टरफल डाव्या खिशात, उजव्या कडेने सरकला तर उजव्या. परतीच्या बसमध्ये खिसे उलटे केले की कुठला ढीग मोठा ते कळायचं. कागद नाही, पेन्सिल नाही. सव्वीस वर्षांत सात प्रशिक्षक आले नि गेले, टरफलं तशीच राहिली. प्रशिक्षक त्याची पाठ थोपटायचे आणि तो माझी. त्या दिवसांत मला कुणाचा हेवा वाटत नव्हता.

मग त्याचे डोळे गेले. पूर्ण नाही, पण नजरेच्या मधोमध धुकं बसलं. मला त्याने ओल्या भिंतीच्या कपाटात ठेवलं आणि दार लावलं. समुद्राची दमट हवा माझ्या उजव्या भिंगात शिरली आणि तिथेच तिने घर केलं. पाच वर्षं कुणी पुसलं नाही.

कपाट उघडलं ते त्याच्या मुलीने, कोवाने. बापाचं काम आता तिला हवं होतं. नवा प्रशिक्षक तिला म्हणाला होता, "एक सामना बघून ये. पेन्याब्लांका संघाची खेळी मला नीट सांगितलीस तर जागा तुझी. चुकलीस तर आपण खालच्या गटात, आणि तू पुन्हा बेकरीत." शेवटचा सामना त्यांच्याशीच होता. हरलो असतो तर क्लबची घसरण नक्की होती.

मला वाटलं, आला आपला दिवस. पण पिशवीत माझ्या शेजारी एक चपटा, चकचकीत टॅब निजला होता. बापाला सोबत घेऊन पेन्याब्लांकाच्या मैदानावर पोचल्यावर कोवाने त्याला अलगद मांडीवर घेतलं, काचेवर फुंकर मारली, आपल्या बाहीने पुसलं. आपल्या बाहीने! मी पिशवीतून बघत होते आणि माझे स्क्रू तापत होते. त्यावर हाच सामना चालू होता, आकडे आणि बाणांसकट. बेनिग्नोसुद्धा त्याच्यावर वाकला. मेल्या टॅबवर!

"बाबा, सगळं डावीकडून चाललंय त्यांचं," कोवा म्हणाली. "अकरा नंबर तिघांना घेऊन घुसतो. आपण डावीकडेच माणसं लावायची."

"आणि उजव्या कडेचा दोन नंबर?"

"तो दिसत नाहीये."

"दिसत नाही म्हणजे मैदान सोडून घरी गेला का?"

"बाबा, चेंडू डावीकडे आहे ना!"

तेवढ्यात सगळं मैदान उठून गरजलं. गोल! कोवाने टॅबकडे पाहिलं, तर तिथे चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर घुटमळत होता. चित्र अर्धं मिनिट मागे धावत होतं. मला इतका आनंद झाला, की सांगायची लाज वाटते.

"पोरी, लोक गोल साजरा करताहेत आणि तू अजून त्याची वाट बघतेयस," बेनिग्नो म्हणाला. "इथवर बसने कशाला आलो आपण? घरच्या कोचावर बसलो असतो. काढ तिला बाहेर."

तिने मला डोळ्यांना लावलं. हाच तो क्षण, मित्रांनो! आणि मी काय दाखवलं? उजवीकडे नुसतं पांढरं जाळं.

"बाबा, हिला बुरशी आलीय. हिचा एक डोळा गेलाय."

"माझे दोन्ही गेलेत, तरी मला घेऊन आलीस ना?"

कोवा हसली. उजवा डोळा मिटून तिने डाव्याने पाहिलं. चेंडू डावीकडे होता, आणि पलीकडच्या रिकाम्या कडेने दोन नंबर चालत निघाला होता. धावत नव्हता, बागेत फिरायला निघाल्यासारखा चालत होता. मग सहा नंबरने मध्यातून लांब तिरका चेंडू टाकला, तो थेट त्याच्या पायात. डावीकडची सगळी गर्दी म्हणजे भुलवणी होती.

"बाबा, बिया द्या."

सामना संपला तेव्हा तिच्या डाव्या खिशात तीन टरफलं होती, उजव्यात अकरा.

रविवारी रोब्लेचा डावा पुढचा खेळाडू गर्दीत धावून गेलाच नाही, दोन नंबरच्या सावलीसारखा उभा राहिला. सामना बरोबरीत सुटला. क्लब वाचला, कोवाला जागा मिळाली. गावच्या वर्तमानपत्रात तिचा फोटो छापून आला. हातात कोण? टॅब! मी तीन दिवस फोकसचं चाक फिरू दिलं नाही.

पण एक गोष्ट सांगितली नाही तर मी खोटी ठरेन. फोटो आला त्या संध्याकाळी कोवाने टॅबवर रविवारचा सामना लावला आणि दोन बोटांनी चित्र ताणून मोठं केलं, इतकं मोठं, की एक खेळाडू पूर्ण काचभर झाला. बेनिग्नोने तिरकी मान करून धुक्याच्या कडेने पाहिलं. "अरे," तो हळूच म्हणाला, "हा तर लंगडतोय." पाच वर्षांनी त्याला खेळाडूचे पाय दिसले होते. ते माझ्याच्याने कधीच झालं नसतं. मी शेल्फवरून पाहत होते. जळत होते, आणि बरंही वाटत होतं.

आता रविवारी टॅब बेनिग्नोपाशी घरी असतो आणि मी कोवाबरोबर वरच्या रांगेत. ती अजून एकच डोळा लावते. दुरुस्तीवाला म्हणाला, वेळेवर पुसली असती तर दुसराही वाचला असता.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी ओल्या कपाटात कुणी माझ्यासारखी पडली असेल, तर तिला आजच उन्हात काढा. आणि पुसाल तेव्हा कापड शोधत बसू नका. आपल्या बाहीने पुसा.