गार होतंय

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी मला फक्त टी-शर्टवर पाहिलं असेल. ज्यांनी माझं एकही बटण कधी दाबलं नाही, त्यांच्या छातीवर हल्ली माझं चित्र मिरवत असतं. असो, मान मिळतोय तर नाही कशाला म्हणा!

मला ज्या घरात आणलं तिथे आई-वडील, ताई आणि धाकटा अशी चार माणसं होती. पहिल्याच संध्याकाळी धाकट्याने माझं लाल बटण दाबून पाहिलं. आत स्वयंपाकघरात आईला त्याचा पत्ताच नव्हता. तिने नेहमीसारखी हाक मारली, "ये रे आता, गार होतंय. त्या डबड्याला किती वेळ चिकटून बसशील?" डबडं म्हणजे मी! नंतर सगळ्यांनी तिला तिचाच आवाज ऐकवला. ती इतकी लाजली की पुढे माझ्यासमोर एक शब्द बोलायची नाही. माझ्याकडे तिचा आवाज आहे तो एवढाच.

धाकटा शिकला, जाहिराती लिहू लागला आणि परदेशी गेला. कपडे कमी केले, पण मला नेलं. तिथल्या खोलीत त्याने मला भिंतीवरच्या फळीवर ठेवलं. खाली खोली तापवणारा हीटर होता. सुट्टीच्या दिवशी तो एकटाच जेवायला बसायचा आणि आधी ती हाक लावायचा. मग ताट पुढे ओढायचा. घरची आठवण त्याला फार यायची, आणि त्याच आठवणीवर त्याचं पोटही चालायचं. लोक वस्तू घेत नाहीत, घरी परतल्यासारखं वाटणं घेतात, असं तो ऑफिसात सगळ्यांना सांगायचा. जुनी गाणी, जुने खेळ, जुन्या सायकली, काय वाट्टेल ते तो विकून दाखवायचा.

मग आईच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. ताईने फोनवर सांगितलं की आई आता पाटीवर लिहून बोलते. त्या दिवशी आईने पाटीवर लिहिलं होतं, 'माझा आवाज कसा होता, विसरले. ते डबडं घेऊन ये.' एवढी जाहिरातीची मोहीम संपली की निघतो, असं धाकट्याने कळवलं.

ती मोहीम होती जेवण गरम ठेवणाऱ्या डब्यांची. तुम्ही ओळखलंच असेल. त्याला आईची हाक सुचली.

पण मित्रांनो, हीटरच्या उबेने माझ्या आतलं रबर केव्हाच वितळायला लागलं होतं. पट्टा सैल झाला होता, फीत ओढणारं चाक चिकट झालं होतं. मला बोलता कुठे येतं? मी मला जमेल तसं सांगितलं. हाक जड येऊ लागली, शब्द लांबू लागले. 'गार'मधला 'गा' तर विहिरीतून आल्यासारखा यायचा. कोणीही घाबरलं असतं. पण धाकटा पडला जाहिरातवाला! तो खुश झाला. हेच तर जुनेपण, हे आणू म्हटलं तरी आणता येत नाही, म्हणाला.

ऑफिसातला आवाज मुद्रित करणारा माणूस मात्र कान देऊन ऐकत राहिला. "हे मशीन आजारी आहे," तो म्हणाला. "आधी उघडून बघू. निदान एक कॉपी काढू."

"उघडलंस तर आवाज साफ होईल. मग त्यात काय उरलं? उद्या ग्राहकांसमोर असाच लावायचा," धाकटा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लांब टेबलाभोवती माणसं बसली. धाकट्याने बटण दाबलं. आई म्हणाली, "ये रे..." आणि चाकाने फीत धरली. मी ओढत गेलो. थांबणं माझ्या हातात नव्हतं. आवाज खाली खाली गेला आणि नुसती करकर उरली. एका ग्राहकाने टाळी वाजवली. त्याला वाटलं, जाहिरात अशीच आहे.

आवाजवाल्याने नंतर माझ्या पोटातून फितीचा चुरगळा काढला. बराचसा भाग फाटून गेला होता. उरलेलं त्याने जोडून पाहिलं. त्यात आता फक्त 'डबड्याला' एवढंच ऐकू येतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूचा आवाज बदलला तर त्याचं कौतुक करू नका. तिला काय होतंय ते बघा. जुन्या माणसांचंही तसंच.

आज धाकट्याने मला टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवलंय. ताईला त्याने अजून काही सांगितलेलं नाही. मघाशी तिचा फोन येऊन गेला. आईने मला ठेवायला खिडकीजवळचं टेबल पुसून घेतलंय. बटण कोणी दाबायचं नाही, मीच दाबणार, असं तिने पाटीवर लिहून ठेवलंय.

माझं बटण अजून छान चालतं.