येत नसेल तर गाऊ नये

"आजोबा, तुम्ही खरंच प्रसिद्ध होतात, की घरातलेच तसं म्हणतात?"

प्रश्न नातीचा स्वतःचा नव्हता. मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पैजेला नाही म्हणायचं नाही असा या वर्षापासून तिचा नियमच होता. तिघी तिच्या मागे सोफ्यावर एकमेकींना चिमटे काढत हसू दाबत होत्या. शाळेतून येतानाच त्यांनी मोबाइलवर आजोबांचं नाव शोधलं होतं. त्या नावाचा एक दातांचा डॉक्टर सापडला, पाचपैकी चार ताऱ्यांचा. गायक कुठेच नव्हता.

हसू तिलाही येत होतं, पण या प्रश्नाचं उत्तर तिला खरंच हवं होतं. शाळेच्या कार्यक्रमात आजोबांचंच गाणं गायचं तिने मनाशी पक्कं केलं होतं, आणि नाव द्यायचा आज शेवटचा दिवस होता.

आजोबांनी चष्मा पुसला आणि आरोपींची यादी सुरू केली. पहिले रेडिओवाले, ज्यांनी त्यांच्या गाण्याच्या फितींवर हवामानाच्या बातम्या भरल्या. मग तबकड्या काढणारी कंपनी, जी वेळेआधीच बुडाली. मग टीव्ही, मग मोबाइल, आणि शेवटी आजकालची पोरं, म्हणजे समोर बसलेल्या याच चौघी. दरवर्षी यादीत एक नवा आरोपी भरती व्हायचा. सुटका मात्र कुणाचीच होत नसे.

मग त्यांनी कपाटातून तबकडी काढली, मऊ फडक्याने पुसली आणि सुई टेकवली. आवाज असा आला की सोफ्यावरचे चिमटे थांबले. चौघींत सगळ्यात उंच, म्हणून जिला सगळ्या लंबू म्हणत, ती पायाने ठेका धरून चक्क गुणगुणायला लागली. आता पैज गेली खड्ड्यात, असं वाटून नात खुशीने तिच्याकडे बघते आहे, तोच आजोबांनी सुई उचलली.

"दुसऱ्या ओळीत सूर उतरतोय तुझा. येत नसेल तर गाऊ नये."

लंबू कानापर्यंत लाल झाली. पाच मिनिटांत तिघींनाही एकदम गृहपाठ आठवला आणि त्यांनी काढता पाय घेतला.

ती तणतणत स्वयंपाकघरात गेली आणि आईला म्हणाली, आत्ताच्या आत्ता मला आजोबांचं गाणं शिकव. आई हसली. भाजी चिरता चिरता, दाराकडे एक नजर ठेवून, तिने हळू आवाजात एक ओळ म्हटली आणि थांबली. पुढचं? पुढचं तिला येतच नव्हतं. लहानपणी ती याच ओळीवर इतक्यांदा अडवली गेली होती की दुसऱ्या ओळीपर्यंत कधी पोचलीच नाही. पोटची मुलगी, आणि एका ओळीची धनीण.

कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या बाबांनी मग आपलीही कहाणी सांगितली. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, सासऱ्यांना बरं वाटावं म्हणून, त्यांनी आंघोळ करताना हेच गाणं शिट्टीवर घेतलं. तर दारावर टकटक आणि बाहेरून आवाज, "जावईबापू, झेपत नाही तर वर जाऊ नका." तेव्हापासून बाबा आंघोळीला दुसऱ्याच गायकाचं गाणं म्हणतात. आजोबांच्याच काळातला होता तो. आजोबा त्याला नाकात गातो म्हणून 'सर्दीवाला' म्हणत. त्याचं ते रडकं गाणं मुलं आजही शाळेच्या सहलीच्या बसमध्ये पहिल्या वळणाच्या आत सुरू करतात.

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्याबरोबर अशी काही चिडचिड झाली की ती थेट आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. ते तबकडी पुन्हा पुसत होते.

"आजोबा, त्या सर्दीवाल्याचं गाणं आमच्या अख्ख्या वर्गाला येतं."

"त्याला गाणं म्हणतात?"

"आम्ही त्याची पार वाट लावतो. शब्दसुद्धा चुकवतो. पण तो कधी कुणाच्या न्हाणीघराबाहेर येऊन उभा राहिला नाही."

फडकं थांबलं. "म्हणजे मी सूर सांभाळला, हा माझा गुन्हा?"

"इतका सांभाळलात की कुणाच्या हाती लागूच दिला नाहीत. आईलासुद्धा."

आता बोलणी बसणार म्हणून तिने खांदे आवळले. पण आजोबांनी कडा फाटून चिकटपट्ट्या लावलेल्या पाकिटात तबकडी सरकवली. मग म्हणाले की त्या उंच मुलीने चाल मात्र पटकन उचलली होती. नातीचा राग विरघळायलाच आला होता, तेवढ्यात त्यांनी जोडलं, "पण सूर उतरत होता."

तिने कपाळावर हात मारला, लंबूला फोन लावला, मग शाळेतल्या बाईंना. जेवायला बसल्यावर, आजोबा हात धुवायला गेलेले बघून, तिने आईबाबांना सांगून टाकलं.

"मी चौघींचं नाव दिलंय. आजोबांचं गाणं. दुसऱ्या ओळीत लंबूचा सूर उतरणार, तिसरीत माझा."

आईचा घास हातातच राहिला. त्यांना विचारलंस का, असं तिने दबक्या आवाजात विचारलं.

"विचारणार नाही, सांगणार आहे. कार्यक्रमाला त्यांना तुमच्या दोघांच्या मधे बसवा. ते थांबवायला उठले, की तुम्हीही मोठ्याने गायला लागा. म्हणजे आधी कुणाला गप्प करायचं, हेच त्यांना कळणार नाही."