मध्ये कोण उभं राहणार

आमच्या प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख खंडेराव सर प्रत्येक फोटोत मध्ये असतात. फोटो सहलीचा असो, गणपतीच्या आरतीचा असो, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या निरोपसमारंभाचा. निरोप ज्याला द्यायचा तो नारळ घेऊन कडेला, आणि सर मध्ये. मला याचा संताप येतो, पण मी तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे दर जूनमध्ये सरांनी मान हलवली तर माझी नोकरी आहे, नाही हलवली तर नाही. त्यामुळे संताप मी घरी नेते आणि पोळ्या लाटताना काढते. पोळ्या फार सुरेख होतात.

यंदा बाहेरून तपासणी समिती यायची होती. भिंतीवर तक्ते चिकटवून सगळेच कंटाळलेले, म्हणून माझ्या वर्गातल्या ओवीने सुचवलं की पेशीच्या आतला सांगाडा आपण अंगणात उभा करून दाखवू. गॅदरिंगचा मांडव अजून उभाच होता, कारण मांडववाला फोन उचलत नव्हता. तिच्याच वर्गातल्या सृष्टीने पिंपळगावहून, घरच्या द्राक्षं भरायच्या पॅकहाउसमधून, सुतळीचे बिंडे आणले.

गोष्ट सोपी होती. पेशीत बारीक नळ्यांचे दोर असतात आणि त्यांच्यावरून मालाची ने-आण चालते. पेशी एकटी असते तेव्हा हे दोर मधल्या एका ठाण्यातून चहूकडे निघतात. या ठाण्याला सेंट्रोसोम म्हणतात. पण तीच पेशी शेजारणींना चिकटून आतड्याचं किंवा मूत्रपिंडाचं अस्तर झाली, की तिला वर कुठे आणि खाली कुठे याचं भान येतं. मग बहुतेक दोर मधलं ठाणं सोडतात, एक टोक वरच्या अंगाला बांधतात आणि सरळ खाली उतरतात. सेंट्रोसोमच्या कामासाठी आम्ही वर्गातल्या रुद्रला निवडलं, कारण त्यात नुसतं उभं राहायचं होतं.

तालमीला सर आले आणि पहिला अर्धा भाग पाहून थांबले.

"हा मध्ये कोण?"

"सेंट्रोसोम, सर," ओवी म्हणाली.

"सगळे दोर याच्याच हातात?"

"सध्या तरी," मी म्हटलं.

'सध्या तरी' त्यांच्या कानात शिरलंच नाही. "मग समितीसमोर तिथे मी उभा राहतो. ते शोभेल," असं म्हणून ते निघूनही गेले.

रुद्रला सुटल्यासारखं झालं. ओवी हसू दाबत माझ्याकडे बघत राहिली. सृष्टी मात्र काळजीत पडली. "मॅडम, पुढलं त्यांना सांगाया पायजे. नायतर लय चिडतील, अन् जूनला तुमचंच नाव कापतील."

तिचं खरं होतं आणि मला भीतीही वाटत होती. मी केबिनमध्ये गेले. "सर, दुसऱ्या भागात मधल्या माणसाचं जरा बदलतं."

"मॅडम, पेशी मी तुमच्या आधीपासून शिकवतोय. दोर मधूनच निघतात." आणि त्यांनी हात वर केला. तो वर गेला की बोलणं संपतं. मी बाहेर आले. खरं सांगायचं तर खूश होऊन आले. मी सांगायला गेले होते, एवढं आता माझ्या पदरात होतं.

समितीच्या दिवशी पाहुण्यांना फेटे बांधले, तेव्हा सरांनी स्वतःलाही बांधून घेतला. वर कॉलरला माइक लावला. मांडवाच्या मधोमध ते दोर मुठीत धरून उभे राहिले आणि चारी बाजूंना पोरं टोकं ताणून उभी. फोटो निघाले. समितीच्या प्रमुख तेजस्विनी मॅडम नेमक्या पेशीशास्त्रातल्याच होत्या. त्या पुढे सरकून बसल्या.

ओवी म्हणाली, "आता शेजारच्या पेशी आल्या." बाजूच्या रांगांनी हातात हात घेतले. मुलींनी वरच्या बाजूने ओढण्यांना ओढण्या बांधल्या. "हा ॲक्टिनचा पट्टा. याच्यामुळे शेजारणी सुटत नाहीत. आणि आता दोर ठाणं सोडतील."

सृष्टीने पहिला दोर ओढला. सरांनी सोडला नाही.

"सोडा ना सर."

"का सोडू?" हे ते कुजबुजले, पण माइकने अख्ख्या अंगणाला ऐकवलं.

"वर बांधायचाय, सर."

"इथे काय वाईट आहे?"

हसण्याची लाट आली. सृष्टी घरी क्रेट उचलणारी मुलगी. तिने एक हिसका दिला आणि दोर गेला. मग दुसरा, मग बाकीचे. शिडीवर चढलेल्या रुद्रने एकेक टोक वरच्या बांबूला बांधलं आणि सुतळ्या सरळ खाली लोंबू लागल्या. सर रिकाम्या मुठीनिशी मध्ये उभे. रुद्र स्टूल घेऊन आला आणि अतिशय अदबीने म्हणाला, "सर, आता तुम्ही छताशी जायचं."

सर चढले. फेटा मांडवाच्या कापडाला टेकला.

"छान!" तेजस्विनी मॅडम म्हणाल्या. "आणि आता या सेंट्रोसोमचं काम काय?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची ही नजर बघायला मिळावी म्हणून मी किती पोळ्या लाटल्या असतील! पण ती मिळाली आणि मला मुळीच आवडली नाही. घाम गळत असलेला तो माणूस स्टुलावर अडकला होता.

"सर, एक बोट वर करा," मी म्हटलं.

त्यांनी केलं.

"मूत्रपिंडाच्या पेशीत तो वरच्या पडद्याखाली जाऊन बसतो," मी सांगितलं. "तिथून एक बारीक केस बाहेर काढतो. बाहेर काय वाहतंय ते पेशीला त्या केसातून कळतं. दोर धरायचं काम संपलं. आता त्याने फक्त ऐकायचं."

'फक्त ऐकायचं' मी जरा जास्तच चवीने म्हटलं. तेजस्विनी मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "विभागप्रमुखांनी स्वतः ही भूमिका घेतली, याचं विशेष कौतुक!" सर बोट वर धरून तसेच उभे होते, कारण खाली कधी करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

समिती विंचूरचं वाईन पार्क बघायला गेली आणि मला केबिनमधून बोलावणं आलं. फेटा टेबलावर होता. त्याची लाल रेघ सरांच्या कपाळावर उमटली होती.

"शेवट तुम्हाला माहीत होता."

"हो सर. सांगायला आले होते."

"आला होतात." ते खिडकीशी जाऊन मांडवाकडे बघू लागले. मला समोर फक्त जून महिना दिसत होता. नवं काम कुठे शोधायचं, घरी काय सांगायचं, इथपर्यंत मी मनात जाऊन आले.

"पुढच्या वर्षीही हेच बसवा," ते म्हणाले.

"मी, सर?"

"मग कोण? मध्ये तुम्ही उभ्या राहा." आणि पहिल्यांदाच ते माझ्याकडे बघून हसले. "दोर ओढून घ्यायला मी येतो."